फ्राऊ प्रोफेसरांचा बाक्लावा

मी फक्त 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', एवढंच म्हणालो होतो. या दोन शब्दांत एखादा माणूस बाक्लावा करून द्यायचं वचन देऊन बसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाक्लावा म्हणजे काय, हेही ठाऊक नव्हतं.

चौसष्ट सालचा नोव्हेंबर. मी तेव्हा स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो. विषय असा की, धातूचे अतिशय पातळ पत्रे लाटताना त्यांच्यात जो ताण निर्माण होतो तो नेमका कुठे आणि किती. पत्रा यंत्राच्या दोन रुळांमधून जातो, ताण त्याच्यात निर्माण होतो आणि तिथून तो संशोधकात येतो, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकत होतो. डिसेंबरअखेर माझी शिष्यवृत्ती संपत होती आणि काम अर्धवट होतं. 'या माणसाला आणखी एक वर्ष लागेल' असं आमच्या प्रोफेसर वेन्डलांटांनी एका ओळीत लिहून दिलं असतं तर प्रश्न मिटला असता. ऑक्टोबरात मी धीर करून विचारलं होतं. ते 'बघू' म्हणाले. तेव्हापासून मी रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर ते 'बघू' पुढे सरकलंय का ते बघत होतो. चेहरा असा होता की त्यावर काहीच सरकत नसे.

अशात त्यांच्या घरून कॉफीचं बोलावणं आलं. मी आणि माझी बायको उल्का गेलो. उल्का त्याच उन्हाळ्यात पुण्याहून आली होती. तिला जर्मन येत नव्हतं, आणि मला येतं असा तिचा समज होता. कॉफी पिताना फ्राऊ प्रोफेसर, म्हणजे प्रोफेसरांच्या पत्नी, एकदम भावुक होऊन काहीतरी सांगू लागल्या. त्या भराभर बोलत होत्या. मला मधले मधले शब्द कळत होते: लहानपण, पूर्व, पातळ पापुद्रे, एकावर एक, तुपात, गोड. मी मनात जुळवाजुळव केली आणि मला वाटलं, या चिरोट्यांबद्दल बोलतायत. आता पूर्वेकडे गेलेल्या कुणा जर्मन बाईनं चिरोटे खाल्ले असतील तर त्यात अशक्य काय? त्यांनी विचारलं, तुमच्याकडे हे माहीत असेलच ना? मी म्हणालो, या, गेनाऊ. त्यांनी विचारलं, तुम्हाला करता येईल? मी पुन्हा म्हणालो, या, गेनाऊ. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. प्रोफेसरांनी कपावरून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा तेवढ्यापुरता सरकला, हे मी शपथेवर सांगतो.

ट्राममध्ये उल्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पण मला चिरोटे कुठे येतात? तुमच्या आई करतात, मी बाजूला बसून साटा लावते."

तेवढ्यावर निभावलं असतं. पण आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या गटात दिनकर भिडे नावाचे एक गृहस्थ होते. पाच वर्षं जर्मनीत राहिल्यामुळे ते जर्मनीबद्दल जर्मनांनासुद्धा समजावून सांगत. मी आनंदानं त्यांना हकीकत सांगितली, फ्राऊ प्रोफेसरांनी बोलताना वापरलेले दोनचार शब्दही जसेच्या तसे सांगितले. त्यांत 'स्मर्ना', 'अक्रोड' आणि 'मध' हेही होते. भिड्यांनी मला ते शब्द पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाले, "टिपणीस, आल्झो, म्हणजे असं की, बाई बाक्लाव्याबद्दल बोलत होत्या."

फ्राऊ प्रोफेसरांचे वडील रेल्वेचे इंजिनिअर होते, हे भिड्यांना माहीत होतं. पहिल्या महायुद्धाआधी ते कुटुंब तुर्कस्तानात, स्मर्नाला होतं. तिथं बाई आणि त्यांचा थोरला भाऊ लहानाचे मोठे झाले. भाऊ आता पूर्व जर्मनीत, हाल्लेला होता. बर्लिनची भिंत बांधली त्याच्या आधीपासून बहीणभावांची भेट नव्हती. आणि याच महिन्यात तिकडच्या सरकारनं निवृत्त म्हाताऱ्यांना पश्चिमेत नातेवाइकांना भेटायची परवानगी दिली होती. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी भाऊ येणार होता. त्याच्यासमोर स्मर्नाचा बाक्लावा, म्हणजे पापुद्र्यांत अक्रोड घालून केलेली तिकडची मिठाई, ठेवायचा, हे बाईंच्या मनात होतं, आणि तो पूर्वेकडच्या हेर, म्हणजे श्रीयुत, टिपणीसांनी करून द्यायचा कबूल केला होता.

मी भिड्यांना विचारलं की आता जाऊन खरं सांगितलं तर? ते म्हणाले, सांगा की. मात्र वर्ष वाढवून मागितल्यावर महिन्याभरानं 'मला तुमची भाषा कळत नाही' असं प्रोफेसरांच्या बायकोला सांगणारा संशोधक त्यांनी अजून पाहिलेला नाही.

म्हणून मी बाक्लावा शिकायचं ठरवलं. भिड्यांच्या वसतिगृहात ओरहान नावाचा तुर्की आणि स्टावरोस नावाचा ग्रीक असे दोन विद्यार्थी होते. भिडे त्या दोघांना आमच्याकडे घेऊन आले. उल्कानं रव्याचा उपमा केला. दोघेही उपमा खात खात भांडले. ओरहानचं म्हणणं, त्यात साखरेचा पाक असतो, मध घालणं हा ग्रीकांचा अडाणीपणा. स्टावरोसचं म्हणणं, मधाशिवाय जे करतात त्याला काहीही म्हणावं, बाक्लावा म्हणू नये. एकाला पिस्ते हवे होते, एकाला अक्रोड. एक म्हणाला गरम पाक ओतायचा, दुसरा म्हणाला गार. मी वही काढून बसलो होतो. शेवटी मी विचारलं की पापुद्रे कसे करायचे? तेव्हा दोघांचं प्रथमच एकमत झालं. ओरहान म्हणाला, अंकाराला घरी कोण करतंय, दुकानातून आणतात. स्टावरोस म्हणाला, आजी करते, पण ती स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. दोघांनी परत उपमा घेतला.

आमची घरमालकीण फ्राऊ क्नोप्फ्ले. फिल्डरच्या पठारावर, कोबीच्या शेतांमधल्या एका गावात तिचं घर होतं आणि त्याच्या माळ्यावर आम्ही. ती खालून पावलांच्या आवाजावरून ओळखायची की कोण आलं, किती जण आले, आणि बूट पुसून आले की नाही. दोन परके लोक जिना चढून गेले आणि भांडले, याचा खुलासा मला द्यावा लागला. तो दिल्यावर ती एकदम उजळली. हे तर श्ट्रूडेलच, म्हणाली; म्हणजे पातळ कणकेत सफरचंदं गुंडाळून भाजतात ते. तिची आई श्ट्रूडेलची कणीक टेबलावर ताणायची तेव्हा खाली ठेवलेलं चर्चचं पत्रक तिच्यातून वाचता यायचं. मग तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, टेबलावर फुलाफुलांची चादर पसरली आणि कणीक ताणायला लावली.

पातळ पदार्थ आणि त्यांतला ताण हा माझा विषय आहे, हे मी तिला नम्रपणे सांगून ठेवलं होतं. ते सांगायला नको होतं. कणकेला पहिलं भोक पडलं तेव्हा ती म्हणाली, होतं असं. दुसरं पडलं तेव्हा ती म्हणाली, अंगठी काढा. तिसऱ्यानंतर तिनं मला बाजूला बसवलं. आमच्या कणकेतून मथळे वाचता आले असते, मजकूर नाही. आणि जिथे मजकूर वाचता येत होता तिथे कणीक नव्हती. शेजारची फ्राऊ आउख कुंपणावरून डोकावून म्हणाली की एवढा खटाटोप कशाला, बेकरकडे माउलटाशनची, म्हणजे त्या स्वाबियन भागातल्या तिखटमिठाच्या करंज्यांची, लाटलेली कणीक मिळते, ती आणावी. यावर फ्राऊ क्नोप्फ्लेनं खिडकी लावून घेतली. बेकरच्या कणकेवरून त्या दोघींचं युद्धाच्या आधीपासून वाकडं होतं, असं मला मागाहून कळलं.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो, तर समोरच आमचं छोटं लाटण्याचं यंत्र. दोन आरशासारखे रूळ, मधलं अंतर हवं तेवढं कमी करता येतं. त्यातून ॲल्युमिनियमचा असा वर्ख निघे की श्वासानं उडावा. मी जवळजवळ वर्षभर त्या यंत्राशेजारी बसून होतो आणि कणीक हातानं ताणत होतो. विचार करणाऱ्या माणसाला हे अपमानास्पद वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डब्यातून कणकेचा गोळा घेऊन गेलो. रूळ पुसले. गोळा लावला. पहिल्या फेरीत फार सुंदर पट्टी निघाली. मी अंतर कमी केलं. दुसऱ्या फेरीत पट्टी निघालीच नाही. ती वरच्या रुळाला चिकटली, त्याच्याबरोबर गोल फिरून परत आत गेली, आणि बघता बघता तो आरशासारखा रूळ लोण्यात बुडवल्यासारखा दिसू लागला. मी यंत्र थांबवलं आणि मागं वळलो, तर दारात कार्यशाळेचे माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, ग्योल्झ. त्यांनी बराच वेळ रुळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्यांनी बेन्झीनचा डबा आणि चिंध्यांची टोपली माझ्या पायाशी आणून ठेवली आणि दार लावून गेले.

मी सबंध दुपार रूळ घासले. संध्याकाळी प्रोफेसर तिथून गेले. थांबले. रूळ इतके का चमकतायत म्हणून वाकून पाहिलं. मी घामाघूम होतो. ते म्हणाले की डॉक्टरेट करणाऱ्या माणसाला स्वतःहून रूळ साफ करताना ते प्रथमच पाहत आहेत. आणि गेले. आयुष्यात त्यांनी माझी केलेली ती पहिली स्तुती. घरी येईपर्यंत मला ताप आल्यासारखं वाटत होतं.

उल्कानं सगळं ऐकून घेतलं. गेले कित्येक दिवस एक तुर्क, एक ग्रीक, दोन स्वाबियन बाया आणि एक लोखंडी यंत्र यांचा सल्ला घेतला जात होता, आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती उठली, कणकेच्या बारीक बारीक लाट्या केल्या, प्रत्येकीला मक्याचं पीठ लावून एकावर एक ठेवल्या आणि सगळा गठ्ठा एकदम लाटायला घेतला. लाटणं म्हणजे बिअरची बाटली. "मध्ये कोरडं पीठ असलं की चिकटत नाहीत," ती म्हणाली. "साटा लावताना एवढं तरी कळतं." गठ्ठा मोठा होत गेला, आणि तिनं तो उलगडला तेव्हा एकेक पापुद्रा वेगळा निघाला. मी उजेडासमोर धरून पाहिलं. पलीकडे उल्का दिसत होती, आणि तिचा चेहरा काही फार प्रेमळ नव्हता.

आता भट्टी. आमच्या माळ्यावर दोन चुलींचा गॅस होता, ओव्हन नव्हता. फ्राऊ क्नोप्फ्लेचा ओव्हन लहान, त्यात आमचा ट्रे मावेना. पण गावात बाकहाऊस होतं. म्हणजे गावच्या मालकीची एक दगडी खोली, आत लाकडावरची मोठी भट्टी. बायका शनिवारी आपापल्या पाळीनं तिथं पाव भाजत. पाळी राटहाऊसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, लावून घ्यायची. मी गेलो.

तिथल्या कारकुनानं विचारलं, ब्रोट की कूखन? पाव की केक? पाव असेल तर सकाळची पाळी, केक असेल तर दुपारची, कारण पावानंतर भट्टी निवते. मी म्हणालो, दोन्ही नाही. तो म्हणाला, दोन्ही नाही असं भट्टीत काही जात नाही. मी पापुद्रे, अक्रोड, मध सगळं समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, यीस्ट आहे का? नाही. फळं आहेत का? नाही. मग हे मांसाचं आहे का? मी म्हणालो, मी ब्राह्मण आहे. का म्हणालो कोण जाणे. त्याचा काही उपयोग नव्हता. तो आत गेला, वरिष्ठांना घेऊन आला. वरिष्ठांनी विचारलं, मी गावात नोंदलेला रहिवासी आहे का? आहे. बायको? तिची आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासी नोंदणी, झाली होती, पण भट्टी घरातल्या बाईच्या नावानं देतात, आणि नियम तिला समजावून सांगून तिची सही हवी. नियम स्वाबियन बोलीतच होते. मी उल्काला घेऊन आलो. कारकुनानं ते वाचले, मी तिला मराठीत सांगितलं की काहीही विचारलं तरी मान डोलव. ती म्हणाली, त्यानंच तर हे सगळं झालंय. शेवटी आम्हाला शनिवारी सगळ्यात शेवटची पाळी मिळाली. शेवटच्या पाळीवाल्यानं भट्टी झाडून राख उचलायची असते, आणि लाकडाची मोळी स्वतःची आणायची.

मोळी फ्राऊ आउखनं दिली. ती फ्राऊ क्नोप्फ्लेला कळू द्यायची नाही, अशी अट होती.

शनिवार उजाडला आणि दाराला एक पाटी लटकलेली दिसली. केअरवोखे. आठवड्याची झाडलोटीची पाळी. जिना, अंगण, फुटपाथ, सगळं शनिवारी झाडून पुसून झालं पाहिजे आणि गावानं ते पाहिलं पाहिजे. बाक्लाव्याच्या दिवशीच नेमकी आमची पाळी आली होती. बदलून मिळेल का, असं मी विचारलं. फ्राऊ क्नोप्फ्लेला माझा प्रश्नच कळला नाही. सूर्याला पाळी बदलून मागावी तसं तिला वाटलं असावं. मी झाडू घेऊन फुटपाथवर, उल्का माळ्यावर लाटत, आणि वरून मध्येच अक्रोड कुटल्याचा आवाज. मग दुपारची शांततेची वेळ सुरू झाली आणि अक्रोड कुटणं बंद करावं लागलं. उरलेले अक्रोड आम्ही दोघांनी जिन्यावर बसून सुरीनं कापले.

त्यात खालचा टेलिफोन वाजला. फ्राऊ क्नोप्फ्लेनं मला बोलावलं, स्वतः शेजारी उभी राहिली. पलीकडे प्रोफेसर. मला वाटलं, रुळांचं कळलं. ते म्हणाले, त्यांची कंबर धरली आहे, उभं राहता येत नाही. उद्या मेहुणे हेर एबर्ट दुपारी हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनवर, उतरतील. आम्ही येताना तिथूनच ट्राम बदलणार, तर त्यांना बरोबर आणाल का? मी विचारलं की त्यांना ओळखायचं कसं? प्रोफेसर म्हणाले, "तेच तुम्हाला ओळखतील." आणि फोन ठेवला. बायकोच्या साडीचा असाही उपयोग असतो.

बाकहाऊसमध्ये गावातल्या बायका थांबून राहिल्या होत्या. त्यांचे पाव केव्हाच झाले होते. त्या बघायला थांबल्या होत्या. एकीनं भट्टीत हात घालून पाहिला आणि फार तापली आहे म्हणाली. दुसरीनं हात घातला आणि निवली म्हणाली. मी उष्णतेबद्दल दोन शास्त्रीय वाक्यं बोललो, ती कुणी ऐकली नाहीत. ट्रे आत गेला. मी भट्टीच्या तोंडाशी बसून राहिलो आणि तूप कडकडल्याचा प्रत्येक आवाज म्हणजे जळल्याचा आवाज असं मला वाटत राहिलं. बाहेर काढला तेव्हा एक कोपरा काळा झाला होता, बाकी सोन्यासारखं. उल्कानं घरून मधाचा आणि साखरेचा मिळून एकतारी पाक करून आणला होता. गरम की गार, हा वाद तिनं असा मिटवला की पाक येताना थंडीत आपोआप गार झाला होता. ती ओतत गेली आणि ट्रेमधून असा चर्र आवाज उठला की बायका एकदम गप्प झाल्या. फ्राऊ आउखनं काळा कोपरा मागितला. तो तिला देऊन आम्ही राख उचलायला लागलो.

रविवारी आम्ही निघालो. ट्रेवर स्वच्छ फडकं, त्यावर दोरी. स्टेशनवर गाडीतून म्हातारी माणसं उतरत होती. एवढी म्हातारी माणसं एकाच गाडीतून उतरताना मी कधी पाहिली नव्हती. फलाटावर जागोजागी लोक एकमेकांना धरून उभे होते. त्यांतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ, अंगावर जड करडा ओव्हरकोट, सरळ उल्कापुढे येऊन उभे राहिले आणि टोपी काढली. हेर एबर्ट. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी पुणे कुठल्या नदीवर आहे ते मला सांगितलं. बरोबर होतं.

त्यांची बॅग मी घेतली. मोकळ्या हातानं चालणं त्यांना पसंत नव्हतं, म्हणून माझ्याकडून ट्रे त्यांनी घेतला आणि ट्राममध्ये मांडीवर ठेवून बसले. ट्राम चढावर लागली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. उल्कानं माझा दंड दाबला. ट्रेच्या कोपऱ्यातून मध गळत होता. एक सोनेरी धार त्या करड्या ओव्हरकोटावरून शिस्तीत खाली चालली होती. मी रुमाल काढला, वाकलो, पुसायला लागलो, आणि जे थेंबभर होतं ते तळहाताएवढं केलं.  हेर एबर्टनी बोटानं मध टिपला, नाकाजवळ नेला, खूप वेळ तसाच धरला. मग बोट माझ्या रुमालाला पुसलं.

"मला साखरेचा आजार आहे," ते म्हणाले. "वर्षं झाली. गोड एक घासही चालत नाही. बहिणीला ठाऊक नाही, आणि तिला सांगायचं नाही. आज तरी नाही."

मी उल्काला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग आता?"

 सांगावं, तर एका म्हाताऱ्या माणसानं टाकलेला विश्वास मोडतो आणि फ्राऊ प्रोफेसरांचा दिवस नासतो. न सांगावं, तर प्रोफेसरांचा मेहुणा प्रोफेसरांच्याच टेबलावर माझ्या हातचा पदार्थ खाऊन आडवा होतो. आणखी एक वर्ष मागणाऱ्या संशोधकाकडून अशी कामगिरी झाल्याची उदाहरणं इन्स्टिट्यूटच्या इतिहासात नसावीत. किलेसबर्गला, प्रोफेसरांच्या घराजवळ, उतरेपर्यंत मी मनात दोनदा पुण्याला जाऊन आलो.

दार फ्राऊ प्रोफेसरांनीच उघडलं. मला वाटलं होतं, बहीणभाऊ मिठी मारतील. त्यांनी हात मिळवला. मग एकमेकांकडे बघायचं टाळत कोट काढणं, टोपी ठेवणं असं चाललं. टेबलाशी बसल्यावर गाडीत गरम होतं का, हे विचारून झालं. हाल्लेला थंडी पडली का, हे झालं. एका मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोलून झालं. ती मावशी वारली होती असं निघालं, आणि ते पत्र बाईंना पोचलंच नव्हतं. मग बोलायचं सगळं संपलं. प्रोफेसर पाठीला उशी लावून मेणबत्तीकडे बघत होते. ॲडव्हेंटच्या चार मेणबत्त्यांतली पहिली पेटवली होती, तीन कोऱ्या होत्या. एवढी वर्षं थांबलेली माणसं, आणि त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं. मला माझी भीती क्षणभर विसरायला झाली.

बाईंनी चांदीच्या तबकात बाक्लावा आणला. शंकरपाळ्यासारखे तुकडे, वर अक्रोडाचा चुरा. त्यांतला सगळ्यात मोठा त्यांनी भावाच्या ताटलीत ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो. उल्कानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला; ओरडू नका असं सांगायचं होतं की ओरडा असं, ते मला अजून कळलेलं नाही.

हेर एबर्टनी काटा घेतला. तुकडा मधोमध कापला. अर्धा उचलून बहिणीच्या ताटलीत ठेवला. उरलेला पुन्हा कापला, त्यातला अर्धा ठेवला. परत कापला. असं करत करत त्यांच्या ताटलीत नखाएवढा पापुद्रा राहिला.

बाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. "तू नेहमी असंच करायचास," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटायचं, तुला आवडत नाही."

"आवडायचं की. पण तुझा संपला की तू रडायचीस."

"आता कुठे रडतेय मी?"

"दिसतंय ते," हेर एबर्ट म्हणाले.

मग मात्र त्या दोघांचं सुरू झालं. स्मर्नाच्या घराच्या जिन्यापासून ते कुण्या मरिकाच्या बोकडापर्यंत. दोघं एकदम बोलत होते आणि एकमेकांचं खोडून काढत होते, तो बोकड पांढरा होता की काळा यावरून तर आवाज चढले. मला अर्धं कळत नव्हतं, आणि आयुष्यात प्रथमच मी न कळलेल्या गोष्टीला मान डोलावली नाही. नखाएवढा पापुद्रा हेर एबर्टनी केव्हा तोंडात टाकला ते मी पाहिलं, बाईंनी नाही.

बाईंनी डोळे पुसले, आपल्या ताटलीतलं सगळं खाल्लं आणि माझ्याकडे वळून अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की चव छान आहे, पण स्मर्नाला पापुद्रे याहून पातळ असत.

 प्रोफेसर टेबलाला धरून उठले. वाकून, एक हात कमरेवर ठेवून ते अभ्यासिकेत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मायक्रोमीटर होता. त्यांनी ताटलीतला एक पापुद्रा सुरीच्या टोकानं सोडवला, दोन जबड्यांत धरला, चष्मा कपाळावर घेऊन आकडा वाचला. पुन्हा एकदा, दुसऱ्या ठिकाणी.

"तीन दशांश मिलिमीटर," ते म्हणाले. "आणि जाडी सगळीकडे सारखी नाही. हेर टिपणीस, हे अजून पातळ व्हायला हवं. याला आणखी एक वर्ष लागेल."

मी चाचरत विचारलं, "बाक्लाव्याला?"

"त्यालाही." ते सावकाश खाली बसले. "पत्र मी सोमवारी लिहितो." मग त्यांनी तबक स्वतःकडे ओढून घेतलं आणि जाडी न मोजता दोन तुकडे खाल्ले.

परतीच्या ट्राममध्ये रिकामा ट्रे माझ्या मांडीवर होता. बाहेर दिवे लागले होते. मी उल्काला शब्द न् शब्द सांगितला, मायक्रोमीटरसकट. फक्त 'जाडी सारखी नाही' हे गाळलं. वर्ष मिळालं, आता सुटलो, असं दोनदा म्हणालो.

तिनं ट्रेवरच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे वर्षभर लाटणार मी, आणि डॉक्टर होणार तुम्ही."